असू दे म्हणेपर्यंत

डॉक्टर पद्माकर गुप्ते यांना त्या लग्नातून काय मिळणार होते, ते आधी मांडून टाकलेले बरे. नवरा मुलगा त्यांचा कोणी नव्हता, नवरी मुलगीही कोणी नव्हती. तरी महाराज विलायतेला गेले होते त्या उन्हाळ्यात, हे लग्न जमावे म्हणून अख्ख्या बडोद्यात सर्वांत जास्त घाई कोणाला झाली असेल, तर ती डॉक्टरांना.

कारण जिजाबाईसाहेबांच्या घरचे म्हातारे डॉक्टर नुकतेच वारले होते. त्या घरच्या डॉक्टरला न्यायला बग्गी येत असे. दसऱ्याला त्याच्या घरी मानाचा विडा जात असे. आणि मुख्य म्हणजे जिजाबाईंच्या झोपाळ्यासमोर जी वेताची खुर्ची होती, ती त्याची. वकील, मास्तर, सराफ सगळे भिंतीकडेच्या बाकावर. त्या बाकापासून त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला कित्येकांचा जन्म पुरला नव्हता. गुप्ते डॉक्टर तूर्त बाकावर होते, आणि जिजाबाईंनी पान लावता लावता शब्द टाकला होता, "दिनकररावांच्या मुलीचा गाल तेवढा बघा. सोयरीक सुरळीत पार पडू द्या, मग आमच्या घरचंही तुम्हीच बघायचं."

जमेला बग्गी, विडा, खुर्ची. खर्चाला एक गाल. असा सौदा कोणीही केला असता.

गाल होता कौशल्येचा. दिनकरराव हे शिलेदार घराण्यातले, बाबाजीपुऱ्यात राहणारे. बायको जाऊन बरीच वर्षे झाली होती. घरात दोन मुली आणि मुलींची विधवा आत्या. कौशल्या थोरली, अठराची. धाकटी प्रतिमा चौदाची, आणि तिच्या जिभेचे वय त्याहून पुष्कळ जास्त. जिजाबाईंचा एकुलता एक मुलगा उदयसिंहराव पलटणीत अंमलदार. त्याने कौशल्येचा फोटो पाहिला आणि 'चालेल' म्हटले. मग जिजाबाई प्रत्यक्ष पाहायला आल्या, आणि तिथे गाडे अडले.

तशी मुलगी त्यांना आवडली होती. विशेषतः तिचा मुजरा. या घराण्यांत मुली आणि सुना वडीलधाऱ्यांना मुजरा करत. कमरेत पुरते वाकायचे, मान खाली घालायची, उजवा हात जमिनीकडून कपाळाशी न्यायचा, आणि समोरचे माणूस 'असू दे' म्हणेपर्यंत तसेच राहायचे. हल्लीच्या मुली अर्धवट वाकतात आणि 'असू दे' ऐकण्याआधीच उठतात, अशी जिजाबाईंची तक्रार असे. कौशल्या नीट वाकली, वाकलेली राहिली. जिजाबाईंनी डब्यातून सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली, आणि मग म्हणाल्या, "असू दे."

मुलीने मान वर केली. उजव्या गालाखाली, जबड्याच्या काठाशी, लिंबाएवढी सूज.

"फोटोत हे नव्हतं," जिजाबाई म्हणाल्या.

"फोटोत कसं येईल?" आत्याबाई गोंधळून म्हणाल्या. "म्हणजे... यायला हवं होतं खरं."

"फोटोवाले पेन्सिलीनं पुसतात. माझ्या नणंदेच्या तोंडावरचे देवीचे वण पुसून तिला परी केली होती एकानं. दिनकरराव, आमच्याशी पेन्सिलीचा व्यवहार?"

दिनकररावांनी देवाशपथ सांगितले की फोटोला कोणी हात लावलेला नाही. सूज आहे, ते रोज पाहतात. ती आहे हे ते नाकारत नाहीत. फोटोत का नाही ते मात्र त्यांना कळत नाही. हे बोलणे खरे होते आणि म्हणूनच कोणाला पटले नाही.

डॉक्टर दुपारी आले. कौशल्येने त्यांना उभ्यानेच हात जोडले. डॉक्टर झाले तरी ते मुजऱ्याच्या मानाचे नव्हते. त्यांनी तिला खिडकीशी खुर्चीवर ताठ बसवले, उन्हाकडे तोंड करून. एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, दोन्हींवर अंगठे फिरवले. मग तोंड उघडायला लावून हातातल्या आरशाने उजेड आत पाडला. खालची उजवी दाढ बोट लावताच हलली. तिच्याभोवतीची हिरडी काळपट होती आणि बोट काढल्यावर तिच्यातून रक्त झिरपू लागले. फार नाही. पण कापूस दाबून धरला तरी ते बराच वेळ थांबेना.

"रोज येतं?"

"चूळ भरली की लाल होते," कौशल्या म्हणाली. "सकाळी जास्त."

"आणि सूज?"

"आपणच सांगा. आपण बघताय."

सूज नव्हती. डॉक्टरांनी तसे लिहून दिले: गालास सूज नाही, एक दाढ खिळखिळी आहे, ती काढून टाकावी. चिठ्ठी घेऊन ते खुर्चीच्या जवळजवळ अर्ध्या वाटेवर पोहोचले होते.

"सूज नाही?" जिजाबाईंनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "म्हणजे मला दिसली ती काय होती, डॉक्टर? मोदक?"

"बाईसाहेब, मी स्वतः चाचपून..."

"मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. एक तर मी आंधळी, नाही तर तुम्ही. आणि माझ्या घरात माझ्याविषयी असं कोणी म्हणत नाही."

डॉक्टर बाकावरून उठले होते ते पुन्हा बाकावर बसले. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. जिजाबाईंच्या मते सूज त्या दाढेमुळेच होती. डॉक्टरांच्या मते सूज नव्हती पण दाढ वाईट होती. तेव्हा दाढ काढायची. मुंबईचे एक दातांचे डॉक्टर शनिवारी बडोद्यात मुक्कामाला येणार होते. त्यांची वेळ ठरवून टाकली. दाढ निघाली, गाल सपाट राहिला, की सुपारी फोडायची. नाही तर सोयरीक मोडली असे समजायचे.

सगळे समाधानी झाले. डॉक्टरही झाले असते. पण घरी जाताना त्यांना तो न थांबणारा कापूस आठवू लागला, आणि त्यापाठोपाठ एक गोष्ट आठवली. मुंबईला शिकत असताना एका इस्पितळात त्यांनी एका तरुण हमालाची दाढ काढताना पाहिली होती. दाढ सहज निघाली. तिच्यामागून रक्त आले ते नळ सोडल्यासारखे. तीन जाणती माणसे कापसाचे बोळे खुपसत होती, आणि हमाल खुर्चीतच गेला. नंतर शिकवणाऱ्या साहेबाने सांगितले होते की काहींच्या जबड्यात जन्मापासूनच रक्तवाहिन्यांची जाळी झालेली असते. तिथे दात हे बूच असते. ते उपटायचे नसते. त्या हमालाच्या गालावर कान ठेवला असता तर आत भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज आला असता, असेही साहेब म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर न बोलावता बाबाजीपुऱ्यात हजर झाले. त्यांनी कौशल्येच्या गालावर नळी लावली आणि श्वास रोखून ऐकले. काही नाही. भुंगा नाही, माशीसुद्धा नाही.

"काय म्हणतो गाल?" प्रतिमाने विचारले.

"काही म्हणत नाही."

"मग ताईवरच गेलाय."

डॉक्टरांना हायसे वाटले, आणि हायसे वाटले याचीच भीती वाटली. खुर्ची हवी असलेल्या माणसाला भुंगा ऐकू न येणे फार सोयीचे होते, एवढे त्यांना स्वतःविषयी कळत होते. तेव्हा त्यांनी घरातल्या एकेकाला विचारायला सुरुवात केली. सूज आहे का?

दिनकरराव म्हणाले, आहे. आजच सकाळी पाहिली. आत्याबाई म्हणाल्या, आहे तर. मी तिला रोज हळद लावायला सांगते. स्वयंपाकीण म्हणाली, कसली सूज? मोलकरीण म्हणाली, बेनचा गाल तर पेढ्यासारखा गोल, एकसारखा. प्रतिमा म्हणाली, "ताईच्या शेजारी बसते, शेजारी जेवते. मला कधी दिसली नाही. मी तर म्हणते आबासाहेबांचा चष्मा बदला."

डॉक्टरांनी खरोखर दिनकररावांचा चष्मा मागून घेतला आणि खिडकीशी धरून पाहिला. चष्मा ठीक होता. मग त्यांच्या लक्षात आले की सूज पाहणारे सगळे वयस्क आहेत आणि न पाहणारे सगळे तरुण किंवा नोकरमाणसे. स्वयंपाकीण तरुण नव्हती, पण तिला दिसत नव्हती. म्हणजे वयाने डोळे बिघडून दुसऱ्याच्या गालावर सूज येते असेही म्हणता येईना. पाचांना विचारले आणि पाचांच्या उत्तरांतून सहावाच गोंधळ निघाला.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" त्यांनी शेवटी जिचा गाल होता तिलाच विचारले. हे आधी विचारायला हवे होते, पण गालाच्या मालकिणीला सर्वांत शेवटी विचारायची आपल्याकडे पद्धत आहे.

"कधी भरल्यासारखा जड होतो. कधी काही नसतं," कौशल्या म्हणाली. "सकाळी उठल्यावर जड. चहा होईपर्यंत उतरतो. लहानपणापासून आहे. मोठी होत गेले तसा तोही झाला." आणि थोडे थांबून, "डॉक्टरसाहेब, दाढ काढली की जाईल ना?"

हो म्हणायला डॉक्टरांची जीभ तयार होती. कापूस आडवा येत होता.

शुक्रवार उजाडला. मुंबईचे दंतवैद्य एक दिवस आधीच येऊन उतरल्याचा निरोप सकाळीच आला. डॉक्टर पुन्हा एकदा बाबाजीपुऱ्यात, पुन्हा एकदा खिडकीशी, पुन्हा आरसा घेऊन. कौशल्या ताठ बसलेली, गाल सपाट. दिनकरराव कंटाळले होते. "अहो डॉक्टर, एवढं तर आम्ही घोडा घेतानाही बघत नाही."

तेवढ्यात दाराशी बग्गी थांबली. उद्याची व्यवस्था पक्की करायला जिजाबाई स्वतः आल्या होत्या. कौशल्या खुर्चीवरून उठली, पदर सावरला, आणि वाकली.

जिजाबाई उंबऱ्यात होत्या, पण त्यांचे लक्ष मागे कोचमनकडे होते. त्याने घोडा उन्हात उभा केला होता. "केटली वार कह्युं, गाडी छांयडामां राख!" त्या ओरडल्या. कोचमनने कडुनिंबाखाली जागा नसल्याचे सांगितले. जिजाबाईंनी जागा कशी करायची ते त्याला सविस्तर सांगितले, त्याच्या बापाचा दाखला देऊन. मग आत आल्या, दिनकररावांच्या झोपाळ्यावर बसल्या, पायाने झोका घेतला, पदराने वारा घेतला. कौशल्या वाकलेलीच.

"असू दे," जिजाबाई म्हणाल्या.

कौशल्येने मान वर केली. जो गाल डॉक्टरांनी आत्ता, क्षणापूर्वी सपाट पाहिला होता, त्याच्यावर लिंबू होते.

"बघा!" जिजाबाई विजयाने म्हणाल्या. "आता आंधळं कोण?"

"पुन्हा करा," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"मुजरा. पुन्हा करा, कौशल्याबाई."

दिनकरराव ताडकन उठले. "मुजरा म्हणजे काय खोकला आहे, डॉक्टर सांगतील तेव्हा करून दाखवायला? आणि करायचा कोणाला? तुम्हाला?"

"मला नको. कोणालाच नको. फक्त मान..." डॉक्टरांनी स्वतःच मान खाली घालून दाखवली. प्रतिमाने कानातली कुडी काढली आणि जमिनीवर टाकली. "ताई, माझी कुडी पडली. शोध."

कौशल्या वाकून शोधू लागली. कुडी समोर होती, पण बहिणीने डोळ्यांनी खुणावले, तशी ती शोधतच राहिली. ती उठली तेव्हा गाल आणखी भरला होता. डॉक्टरांनी तिला ताठ बसवले आणि सुजेवर अंगठा ठेवून हलकेच दाबले. ओला स्पंज दाबावा तशी ती रिती झाली. अंगठा काढला. हळूहळू पुन्हा थोडी भरली, मग ताठ बसल्या बसल्या ओसरू लागली. आरशाने त्यांनी गालाच्या आत पाहिले. वाकून उठलेल्या गालात आतून जांभळाच्या सालीसारखा रंग उतरला होता, जो बसलेल्या गालात त्यांना एकदाही दिसला नव्हता.

या घरात ज्यांना मुजरा मिळे, त्यांना सूज दिसे. ज्यांना मिळत नसे, त्यांना दिसत नसे. 'असू दे' म्हणायला जो जितका उशीर लावी, त्याला तितकी मोठी. जिजाबाईंना सर्वांत मोठी दिसली होती.

"बाईसाहेब," डॉक्टर म्हणाले, "ही दाढेची सूज नाही. पू नाही, गाठ नाही. गालात आणि जबड्याच्या हाडात शिरांचा गुंता आहे, जन्मापासूनचा. मान खाली गेली की तिथे रक्त साठतं, वर आली की उतरतं. धमनीचा असता तर आवाज आला असता. शिरांचा आहे म्हणून मुका आहे. ती दाढ त्या गुंत्यावरचं बूच आहे. उद्या ती उपटली तर रक्त थांबवायला कोणाच्या बापाला जमणार नाही."

झोपाळ्याची कडी करकरायची थांबली.

"जाईल?" दिनकररावांनी विचारले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"दाढ काढली तर, बहुतेक. नाही काढली तर सूज राहील, मुलगीही राहील. दात घासताना जपायचं, कोणी दाताला चिमटा लावायचा नाही. बाळंतपणात वाढेल, तेव्हा जवळ जाणता माणूस हवा. आणि फार वेळ मान खाली घालायची नाही."

"बहुतेक," जिजाबाई म्हणाल्या. "म्हणजे खात्री नाही."

"नाही. मी मुंबईला मोठ्या सर्जनना विचारीन. पण खात्री करून घ्यायला दाढ काढून बघता येत नाही."

"परवा लिहून दिलंत की सूज नाही, दाढ काढा. आज म्हणता सूज आहे, दाढ काढू नका. उद्या काय म्हणाल?"

इथे खुर्ची अजून हाताला लागत होती. डॉक्टरांना म्हणता आले असते की रोगच लबाड आहे, किंवा घरच्यांनी नीट सांगितले नाही. ते म्हणाले, "परवा मी चुकलो. ताठ बसवून पाहिलं आणि तेवढंच खरं धरलं. आज बरोबर आहे असं वाटतं."

"वाटतं!" जिजाबाईंनी झोका घेतला. "आमच्या घरच्या डॉक्टरला वाटून चालत नाही." खुर्चीचा निकाल लागला. ती दुसऱ्याच महिन्यात एका मोठ्या आवाजाच्या डॉक्टरच्या नावे चढली.

पण मुलीचा निकाल अजून लागायचा होता. जिजाबाई कौशल्येकडे बघत राहिल्या. आमच्या घरी सून मुजरा करणार नाही तर करणार काय, असे काहीसे त्यांच्या तोंडावर आले होते, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले.

उत्तर दिनकररावांनी द्यायचे होते. आत्याबाईंनी द्यायचे होते. दिले कौशल्येने. "आईसाहेब, मी समोर उभी राहून आपल्याशी बोलेन. वाकलेल्या माणसाला बोलता येत नाही."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. जिजाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी आपला एक हात मागे नेला आणि कमरेच्या खालच्या बाजूला दाबला. त्यांच्या सासूबाई 'असू दे' म्हणण्यात सगळ्या बडोद्यात सर्वांत संथ होत्या. पोथीचा अध्याय संपवून म्हणत. सून म्हणून जिजाबाई त्या अध्यायांखाली वाकून होत्या. गरोदरपणातही होत्या, बापाच्या मरणाची तार हातात घेऊनही होत्या. ते सगळे त्यांनी जमा करून ठेवले होते. एकुलत्या एका मुलाची बायको येईल, आपल्यापुढे वाकेल, आणि आपण सुपारी कातरत बसू, तेव्हा ते वसूल व्हायचे होते.

"तुझ्या गालाला दुखतं?" त्यांनी विचारले.

"फार वेळ वाकले की ठणकतो."

"परवा दुखला? मी सुपारी कातरत होते तेव्हा?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"आपण असू दे म्हणाला नव्हता."

जिजाबाई उठल्या. दाराशी जाऊन कोचमनला बग्गी आणायला सांगितली. मग वळून म्हणाल्या, "दिनकरराव, त्या दातवाल्याला निरोप पाठवा, येऊ नका म्हणून. आणि सुपारीचा मुहूर्त बघा. फोटोवाल्याला उगीच शिव्या दिल्या मी."

दसऱ्यानंतर लग्न झाले. तोवर मुंबईच्या सर्जनचे उत्तर आले होते: हात लावू नये. जिजाबाईंच्या दिवाणखान्यात जाऊबाईंच्या सुना, नणंदेच्या सुना रांगेने मुजऱ्याला आल्या, खाली मान घालून 'असू दे'ची वाट बघत राहिल्या. कौशल्येची पाळी आली तेव्हा तिचा हात सवयीने खाली जाऊ लागला. तो गुडघ्यापाशी पोहोचण्याआधीच झोपाळ्यावरून आवाज आला, "असू दे, असू दे." ती ताठ उभी राहिली. गाल सपाट होता. जिजाबाईंनी कातरलेली सुपारी तशीच हातात राहिली.

तेव्हा हिशेब असा. दंतवैद्य हात न लावता परत गेला, त्याचे काही गेले नाही. दिनकररावांची मुलगी वाचली. उदयसिंहरावांना फोटोत होती तीच बायको मिळाली. गुप्ते डॉक्टर बाकावरच राहिले. त्यांची खुर्ची गेली, पण खुर्ची कधी त्यांची नव्हतीच. कौशल्येची दाढ हलत हलत जागेवर राहिली. आणि या सगळ्याची किंमत जिजाबाईंनी भरली, उभ्या आयुष्याचे वाकणे, एका दमात, मागे काही शिल्लक न ठेवता.